पारख आधी, दाम मागाहून

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या दोन्ही तीरांना धरून वसलेल्या कोल्हारात, म्हणजे भगवतीमातेच्या देवळाभोवतीच्या राहाता तालुक्यातील कोल्हार-भगवतीपुरात आणि पुलापलीकडच्या राहुरी तालुक्यातील कोल्हार खुर्दात, उसाचे बिल हाती पडले की त्यातील चार पैसे सोन्याचांदीत घालावेत ही वहिवाट जुनी आहे. आणि शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू होऊन शेतकऱ्याच्या घरी ठरावीक वेळी रोकड येऊ लागली, तेव्हापासून ती अधिकच दृढ झाली. या खरेदीचा मार्ग मात्र अलीकडे पालटला आहे. पूर्वी घरची कर्ती बाई आणि कर्ता पुरुष सराफाच्या पेढीवर बसत, तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत नजर हलू देत नसत, आणि कसोटीवर ओढलेली रेघ पाहिल्याखेरीज कनवटीचा पैसा सोडत नसत. आता मोबाइलवर जाहिरात दिसते, चांदीचे लक्ष्मी-गणपतीचे नाणे किंवा अर्ध्या ग्रॅमचे सोन्याचे नाणे बोटाच्या स्पर्शाने मागविले जाते, आणि चार-सहा दिवसांनी कुरिअरचा मुलगा मोटारसायकल दारात उभी करून सही मागतो.

या नव्या वहिवाटीला माझा तत्त्वतः विरोध नाही. खेड्यातील ग्राहकाला एकाच पेढीच्या भावावर अवलंबून राहावे लागू नये, छापील दर समोर दिसावेत, चार विक्रेत्यांची तुलना करता यावी, हे लाभ खरे आहेत आणि सचोटीने व्यवहार करणाऱ्या कित्येक संस्थांनी ते ग्राहकाच्या पदरात घातलेही आहेत. परंतु ज्या वस्तूचे सारे मोल तिच्या वजनात आणि शुद्धतेत सामावलेले आहे, ती वस्तू न तोलता, न पारखता आणि बहुधा आगाऊ पैसे भरून घ्यावयाची, हा व्यवहार ग्राहकाच्या बाजूने मुळातच लंगडा आहे, आणि त्याला जी कुबडी कायद्याने द्यावयास हवी होती ती अद्याप दिली गेलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न मोबाइलने जन्माला घातलेला नाही. आपल्या देशात १८७७ साली टपाल खात्याने ‘व्हॅल्यू पेएबल’ची, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असलेल्या व्ही. पी.ची, पद्धत सुरू केली, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांतील जाहिराती वाचून घड्याळे, औषधे, अंगठ्या आणि पदके खेडोपाडी पोहोचू लागली. पोस्टमन दारात आला की आधी रक्कम मोजायची आणि मग पुडके फोडायचे, हा तिचा क्रम होता. आत काय निघेल याची जोखीम सर्वस्वी घेणाऱ्यावर होती. ही जोखीम राज्यकर्त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १८९८ च्या टपाल कायद्याने सरकारला दोन गोष्टींविषयी नियम करण्याचा अधिकार दिला होता: एक, खरोखरीची मागणी आल्यावरूनच ही वस्तू पाठवीत आहे असे पाठविणाऱ्याने लिहून द्यावे, आणि दुसरी, लबाडी उघडकीस आल्यास वसूल झालेली रक्कम पाठविणाऱ्याच्या हाती न देता रोखून धरावी व ग्राहकास परत करावी. ही दुसरी तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण ग्राहकाचा पैसा विक्रेत्याच्या खिशात पोहोचण्यापूर्वी मध्ये कोणीतरी तटस्थ हात असावा आणि त्या हाताला तो थोपविण्याचा अधिकार असावा, हे तत्त्व तीत स्पष्ट मान्य केलेले होते. १८९८ चा तो कायदा जाऊन जून २०२४ पासून नवा टपाल कायदा अमलात आला आहे. पण दारात रोख रक्कम वसूल करण्याचे काम आता टपालापेक्षा खासगी कुरिअरच्या हातून अधिक होते, आणि ते जुने तत्त्व या नव्या वसुलीलाही लागू करण्याची तजवीज होणे अत्यावश्यक आहे.

आता पार्सल फोडल्यावर काय निघते ते पाहू. प्रतिष्ठित विक्रेत्याचे नाणे प्लास्टिकच्या कडक, पारदर्शक पाकिटात मोहोरबंद असते. त्यावर वजन, शुद्धता आणि क्रमांक छापलेला असतो, आणि हे पाकीट उघडले तर नाणे परत घेतले जाणार नाही, अथवा घेतलेच तर घट धरून घेतले जाईल, अशा अर्थाची अट बहुधा बारीक अक्षरांत असते. २००८ मध्ये खुद्द टपाल खात्याने निवडक कचेऱ्यांतून सोन्याची नाणी विकण्यास प्रारंभ केला तेव्हा ती स्वित्झर्लंडच्या व्हाल्काम्बी टांकसाळीत घडविलेली आणि अशाच छेडछाड होऊ न शकणाऱ्या वेष्टनात बंद केलेली होती. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने अशोकचक्राची मुद्रा असलेले ‘भारतीय सुवर्णनाणे’ काढले, त्याचीही बांधणी तशीच होती. सरकारी किंवा नामांकित टांकसाळीच्या बाबतीत ही पद्धत समजण्यासारखी आहे, कारण तेथे मोहोर हीच हमी असते आणि मोहोरेमागे जबाबदार संस्था उभी असते. परंतु ज्या विक्रेत्याचे नाव काल कोणी ऐकले नव्हते आणि उद्या कोणाला सापडणार नाही, त्यानेही तसेच पाकीट वापरले, तर ग्राहक विलक्षण पेचात सापडतो: पाकीट न फोडावे तर आतील नाण्याचा कस समजत नाही, आणि फोडावे तर परत करण्याचा हक्क जातो. आमच्या परिसरातील एका गृहस्थांनी दिवाळीच्या पूजेसाठी दूरच्या शहरातून मागविलेले चांदीचे नाणे तीन वर्षे देव्हाऱ्यात जपले आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी सराफापुढे ठेवले, तेव्हा वर चांदीचा मुलामा आणि आत हिणकस धातू निघाला. पावतीवरील दूरध्वनी तोवर बंद झाला होता. अशा ग्राहकाला ‘तुम्ही आधी का पाहिले नाही’ असे विचारणे हा अन्याय आहे, कारण पाहण्याची सोयच त्या व्यवहारात शिल्लक ठेवलेली नव्हती.

नाण्याची पारख करून देणारा तटस्थ माणूस ही आपल्या मुलखाला अपरिचित कल्पना नाही. मराठी अमदानीत गावगाड्यात पोतदार असे. सरकारी भरणा होताना आणि बाजारात मोठी उलाढाल होताना नाणे खरे की खोटे, पुऱ्या वजनाचे की झिजलेले, हे तो पाहून देई. त्या काळी चलनांचा गुंता एवढा होता, चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया निराळा, निजामाचा हाली सिक्का निराळा, आणि प्रत्येकावरचा बट्टा निराळा, की पारखणाऱ्यावाचून व्यवहार होणेच अशक्य होते. त्याहून कितीतरी मागे जावयाचे तर, १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातील बहुसंख्य नाणी क्षत्रप नहपानाची असून त्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठविली होती. चांदी तीच राहिली. तिच्याबद्दल उत्तरदायी कोण, हे त्या नव्या मुद्रेने जाहीर केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला जे कर्तव्य वाटले, त्यापासून आजच्या लोकसत्ताक शासनाने अंग काढून घेणे मला योग्य वाटत नाही.

जुन्या नाण्यांच्या टपाली विक्रीत तर फसवणुकीला अधिकच मोकळे रान आहे. आपल्याकडे घरोघरी लक्ष्मीपूजनाला जो राणीछाप रुपया मांडतात, त्याचे परिमाण १८३५ च्या नाणे कायद्याने ठरलेले आहे: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा. आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, सहाव्या जॉर्जच्या रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ पासून तो निकेलचा झाला. हा इतिहास ठाऊक असलेला विक्रेता तो ठाऊक नसलेल्या ग्राहकाला निम्म्या चांदीचा रुपया राणीछापाच्या भावाने सहज विकू शकतो, आणि नव्याने पाडलेल्या राणीछाप प्रतिकृतींचा तर बाजारात सुळसुळाट आहे. शिवछत्रपतींच्या होनाची गोष्ट याहून व्यथित करणारी आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पाडलेला, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे मिरविणारा तो सोन्याचा होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. तांब्याची शिवराई मात्र मुबलक मिळते आणि तिची किंमतही माफक असते. महाराजांविषयीच्या भक्तीचे भांडवल करून नकली होन अस्सल म्हणून विकणारा मनुष्य ग्राहकाचा पैसा तर लुबाडतोच, शिवाय एका समाजाच्या श्रद्धेचाही गैरवापर करतो, आणि त्याला सौम्य शब्द लावण्याची माझी इच्छा नाही. राम-सीतेचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली, १६१६ किंवा १८१८ असे साल कोरलेली जी तथाकथित नाणी लाखो रुपयांना विकली जातात, त्यांविषयीही येथेच सांगून टाकतो: कंपनी सरकारने असे चलन कधीही काढलेले नाही.

या फसवणुकीची दुसरी बाजूही आहे. ‘तुमच्याजवळचे जुने नाणे आम्ही लाखाला घेतो’ अशी जाहिरात वाचून ग्राहक संपर्क साधतो, मग नोंदणीची फी, कमिशन, कर अशा नावांनी त्याच्याकडूनच पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून हा उद्योग चालू लागला, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावे लागले की अशा व्यवहारांत आपला काही संबंध नाही आणि आपण कोणाकडून फी अथवा कमिशन मागत नाही. आमच्या जिल्ह्यात ‘स्वस्तात सोने देतो’ असे सांगून लोकांना आडरानात बोलावून लुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येतात. पार्सलाच्या व्यवहारात आडरान नसते आणि मारहाणही होत नाही, म्हणून हानी कमी होते असे समजू नये.

सरकारी टांकसाळीचा अनुभव निराळ्या प्रकारचा आहे. मुंबईची टांकसाळ गेली कित्येक वर्षे स्मारक-नाण्यांचे संच मागणीनुसार संग्राहकांना घरपोच पाठवीत आली आहे. शुद्धतेविषयी तेथे शंकेला जागा नाही. १९६९ च्या गांधी शताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात शेकडा ८० चांदी आणि एकूण १५ ग्रॅम वजन, किंवा २०२३ च्या नव्या संसद भवनाच्या ७५ रुपयांच्या नाण्यात ३५ ग्रॅम वजनापैकी निम्मी चांदी, हे आकडे राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि तसेच उतरतात. ग्राहकांची कुरकुर असते ती विलंबाची, आणि ती रास्त आहे. पैसे भरून महिनोन् महिने वाट पाहायला लावणे सरकारी संस्थेला शोभत नाही. तथापि खोटेपणा आणि दिरंगाई यांतील भेद ग्राहकाने विसरू नये.

सचोटीच्या खरेदीतही ग्राहकाचा जो एक हिशेब चुकतो, तो येथे थोडा विस्ताराने मांडणे अवश्य आहे. समजा, नाण्यातील धातूची त्या दिवसाची किंमत १०० रुपये आहे आणि विक्रेत्याने घडणावळ, वेष्टन व पाठवणीपोटी ८ रुपये लावले. त्या १०८ रुपयांवर शेकडा ३ प्रमाणे वस्तू व सेवा कर आला, म्हणजे ग्राहकाच्या खिशातून १११ रुपयांहून थोडे अधिक गेले. दुसऱ्याच दिवशी ते नाणे सराफाकडे नेले आणि त्याने दोन-तीन टक्के घट धरली, तर हाती ९७ किंवा ९८ रुपये पडतील. धातूचा भाव शेकडा १४ च्या आसपास चढल्याखेरीज या ग्राहकाची मुद्दलही सुटत नाही. बँकांनी जेव्हा मोठ्या प्रमाणावर सोन्याची नाणी विकली, तेव्हा ती परत विकत घेण्याची त्यांना परवानगी नव्हती, आणि अडचणीच्या वेळी त्याच बँकेच्या खिडकीशी नाणे घेऊन गेलेल्या अनेकांना हे प्रथमच समजले. म्हणून माझी मागणी अशी की नाण्याच्या प्रत्येक जाहिरातीत, धातूची किंमत किती, वरचा आकार किती, आणि विक्रेता परत घेणार असेल तर कोणत्या घटीने, हे तीन आकडे सारख्याच ठळक अक्षरांत छापण्याचे बंधन असावे.

आता मूळ दोषाकडे वळतो. दागिन्यांच्या बाबतीत शासनाने केलेले काम निःसंशय प्रशंसनीय आहे. भारतीय मानक ब्युरोने २००० साली सोन्याच्या आणि २००५ साली चांदीच्या हॉलमार्कची योजना ऐच्छिक स्वरूपात आणली. सोन्याच्या दागिन्यांना ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असल्याखेरीज हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई झाली. हा क्रमांक कोणीही ग्राहक ब्युरोच्या मोबाइल अ‍ॅपवर घालून स्वतः पडताळून पाहू शकतो. परंतु ज्या आदेशाने ही सक्ती केली, त्याच आदेशाने पत्रा, तार, वळे यांच्याबरोबर नाण्यालाही तीतून सूट दिली. परिणामी दोन ग्रॅमचे कानातले हॉलमार्काविना विकणारा सराफ दंडास पात्र होतो, आणि दहा ग्रॅमचे नाणे कोणत्याही मोहोरेविना कुरिअरने पाठविणारा विक्रेता निर्धास्त राहतो. मान्यताप्राप्त शुद्धीकरणशाळा आणि टांकसाळी स्वेच्छेने आपल्या नाण्यांवर हॉलमार्क घेऊ शकतात, पण स्वेच्छेचा उपयोग तोच करतो ज्याचा व्यवहार मुळात चोख आहे.

या सुटीचे समर्थन असे केले जाते की नाणे व वळे हा कच्चा माल असून तो व्यापारी व्यापाऱ्याला विकतो, आणि व्यापाऱ्याला पारख असतेच. वळ्याबद्दल हे कदाचित खरे असेल. धनत्रयोदशीला अर्ध्या ग्रॅमचे नाणे घेणारी कोल्हारची गृहिणी व्यापारी नाही. बारशाला आणि मुंजीला चांदीचे नाणे देणारा मामा व्यापारी नाही. घरगुती ग्राहकाला किरकोळीने विकले जाणारे प्रत्येक नाणे हे तयार जिन्नस समजून त्यावर दागिन्याचेच सारे नियम लागू करण्यास कोणतीही तात्त्विक हरकत दिसत नाही. छोट्या विक्रेत्यांवर बोजा पडेल ही दुसरी तक्रारही टिकणारी नाही, कारण नाणी टांकसाळीत एका साच्यातून हजारोंनी पडतात आणि त्यांवर मुद्रा तेथेच उठविता येते. प्रतिकृतींपुरता अमेरिकेचा दाखला घेण्यासारखा आहे: तेथे १९७३ च्या एका कायद्याने प्रत्येक नकली नाण्यावर ते नक्कल असल्याचे अक्षर ठळकपणे कोरणे बंधनकारक केले आहे. शिवकालीन होनाची प्रतिकृती कोणी कौतुकाने बाळगत असेल तर त्यात वावगे काही नाही; पण ती प्रतिकृती आहे हे तिच्या अंगावरच लिहिलेले असावे.

आज घरात पार्सल येऊन पडले असेल, तर कायद्याची वाट न पाहता ग्राहकाने काही खबरदारी अवश्य घ्यावी. मोहोर अथवा पाकीट फाटलेले असल्यास सही करू नये. पार्सल फोडताना मोबाइलवर अखंड चित्रण करून ठेवावे, कारण ‘आम्ही बरोबरच पाठविले होते’ या बचावाला त्याहून चांगले उत्तर नाही. परत करण्याची मुदत संपण्याच्या आत नाणे ओळखीच्या सराफाकडे तोलून घ्यावे. राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅमपेक्षा ठळकपणे कमी किंवा अधिक भरले, अथवा त्याला लोहचुंबक चिकटला, तर अधिक चौकशीची गरज नाही. चांदीची घनता पाण्याच्या साडेदहा पट असते, म्हणून दहा ग्रॅम शुद्ध चांदी पाण्यात एक घनसेंटिमीटरहून थोडे कमी पाणी सारते. सोन्याची घनता १९.३ असल्याने भेसळ पकडणे आणखी सोपे जाते, अपवाद टंगस्टन धातूचा, ज्याची घनता सोन्याच्या अगदी जवळ आहे आणि म्हणूनच लबाड लोक त्याचा आश्रय घेतात. मोबाइलवर ‘डिजिटल सोने’ साठवून पुढे ते नाण्याच्या रूपाने मागविणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की हा व्यवहार आपल्या नियंत्रणाखाली येत नाही, असा इशारा सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क दिला आहे. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, कोल्हारच्या माणसाला अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे अर्ज करता येतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्कही पडत नाही. पावती, पाकीट आणि सराफाने वजन-कसाबद्दल दिलेला लेखी दाखला एवढे कागद जपून ठेवले तरी तक्रारीला पाया मिळतो.

केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाला आणि आमच्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना माझी आग्रहाची विनंती आहे की किरकोळ विक्रीच्या नाण्यांना दिलेली हॉलमार्काची सूट येत्या दसरा-दिवाळीच्या खरेदीपूर्वी रद्द करावी, आणि दूरस्थ विक्रीत कुरिअरने वसूल केलेली रक्कम निदान सात दिवस विक्रेत्याच्या हाती पडू देऊ नये, म्हणजे तेवढ्या अवधीत नाणे सराफाच्या काट्यावर चढू शकेल.